अधिराजमध्ये कोण बसतं

१० जुलै, बुधवार

अधिराज आली एकदाची. ट्रकमधून उतरवताना आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो. समोरचा नारळपाणीवालासुद्धा हातातला कोयता तसाच धरून बघत राहिला. सांगली सोडून म्हैसुरात आल्यापासून मी सारंगच्याच गाड्या विकतोय, पण आपल्याच कंपनीची गाडी बघून माझ्या तोंडून 'अबब' निघालं, असं पहिल्यांदाच झालं.

सारंग म्हणजे मैना, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. छोटी, काटक, पेट्रोल पुरवून पुरवून पिणारी मैना गल्लोगल्ली उभी असते. सारंगचीच लांब डिकीवाली दूत पिवळी पाटी लावून रेल्वे स्टेशनबाहेर भाड्याची वाट बघत असते. त्याच कंपनीने आता ही लांबलचक आलिशान सेडान काढली आहे. मागच्या सीटवर पाय सरळ पसरता येतात, सीट पाठ चेपून देते, काच वर केली की रस्त्यावरचा हॉर्न शेजारच्या गावात वाजल्यासारखा वाटतो. किंमत मात्र थेट जर्मन गाड्यांच्या पंगतीला जाऊन बसली आहे.

आमचे मालक नरसिंगराव अकराला आले. नेहमीप्रमाणे आपली काळी जर्मन गाडी दारातल्या गुलमोहराखाली सावलीत लावली, अधिराजभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"विश्राम, गाडी फार चांगली आहे. विजयादशमीपर्यंत एक तरी विकली पाहिजे. नाहीतर कंपनी ही बंगळूरला नेणार आणि आपलं मोठ्या गाड्यांचं खातं बंद. मग तुम्हाला कलबुर्गीच्या शाखेत पाठवतो म्हणतायत. माझ्या हातात काही नाही बघा."

कलबुर्गी! माझ्या बायकोची, ताराची शाळेतली नोकरी यंदाच कायम झाली आहे, ती काही सोडणार नाही आणि मी सोड म्हणणारही नाही. म्हणजे ती इथे आणि मी तिकडे खोली घेऊन खिचडी शिजवणार. हे मला जमणार नाही. मला तिच्याशी भांडल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही.

म्हणून आजपासून लिहायचं ठरवलंय. लोक गाडी का घेतात, ते मला ठाऊक आहे. का घेत नाहीत, याचा कधी विचारच केला नव्हता. विचार केला तर उत्तर सापडेल आणि उत्तर सापडलं तर गिऱ्हाईकही सापडेल.

संध्याकाळी तारा शाळेतून परस्पर शोरूमला आली. मागे बसली, "काय मऊ आहे रे," म्हणाली. मग उतरून लांब उभी राहिली आणि डोकं तिरकं करून बघत म्हणाली, "पण ही गाडी कुणाची असेल, ते नाही कळत." आता पुढे एवढं ठळक सारंगचं चिन्ह आहे! बाईसाहेबांना गाड्यांतलं काही कळत नाही, असं मी म्हणणार होतो. म्हणालो नाही. घरी जेवायचं होतं.

१९ जुलै, शुक्रवार

आषाढ चालू आहे. इथे आषाढात कुणी सायकलसुद्धा विकत घेत नाही आणि मुख्यालयातल्या शहाण्यांनी नेमकी आषाढात गाडी पाठवली. आज शुक्रवार, त्यामुळे सगळं गाव देवीच्या दर्शनाला चामुंडी टेकडीवर. येताजाता लोक आत डोकावतात, अधिराजपाशी फोटो काढतात आणि जाताना मैनेचं माहितीपत्रक घेऊन जातात.

पहिला अंदाज: महिना वाईट.

१० ऑगस्ट, शनिवार

श्रावण लागला. महिना चांगला आला, गिऱ्हाईक नाही आलं. पहिला अंदाज रद्द.

आज मात्र मजेशीर गोष्ट घडली. डॉ. वेदवती आल्या होत्या. स्वतःचं प्रसूतिगृह आहे त्यांचं. घ्यायची ऐपत आहे आणि हौसही आहे. नेमकी त्याच वेळी शेजारी एका कुटुंबाला मैना द्यायची होती. त्यांनी हार घातला, नारळ फोडला, आम्ही घंटा वाजवली, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. त्यांची दोन पोरं हातात पेढे घेऊन अधिराजच्या मागच्या सीटवर चढली, तरी डॉक्टरीणबाई हसतच होत्या. मुलांची त्यांना सवय असणारच.

मग त्या पुढे बसल्या, खिडकीचं बटण दाबलं आणि थांबल्या. पुन्हा दाबलं.

"हे बटण आमच्या नर्सच्या मैनेत आहे," म्हणाल्या.

मी म्हटलं, "मॅडम, चांगलं चालतंय, मग बदलायचं कशाला?"

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या, छान हसल्या, चहा घेतला आणि गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी अजिबात नव्हती, त्यामुळेच मला जास्त काळजी वाटली. कुरकुर करणारं गिऱ्हाईक परत येतं.

घरी हे सांगितलं तेव्हा माझी धाकटी बहीण स्पृहा म्हणाली, "दादा, तिला वाटलं असेल की नर्ससुद्धा हेच बटण दाबते." मी म्हटलं, मग? नर्सची बोटं काय वेगळी असतात? ती आणि तारा एकमेकींकडे बघून हसल्या. स्पृहा इथल्या बँकेत लागल्यापासून आमच्याकडेच राहते आणि या घरात माझ्याविरुद्ध बहुमत झालं आहे.

म्हण आहे ना, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. आमच्या गाडीचं उलटं झालंय. हातात अस्सल सोन्याचा वाळा आणि नाव कथलाबाई.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

माझी युक्ती माझ्याच अंगाशी आली.

लोकांनी गाडी मानाच्या जागी बघितली पाहिजे, असं मला वाटत होतं. म्हणून एका मोठ्या लग्नात नवऱ्या मुलाला कार्यालयात आणायला मी अधिराज फुकट दिली. नुसती दिली नाही, गाडीला शोभेल असा थाट केला: ड्रायव्हरला पांढरा गणवेश, पितळी बटणं, डोक्यावर टोपी. मी स्वतः दारात उभा राहून लोकांचे चेहरे वाचत होतो.

सगळे गाडीजवळ आले. हात फिरवला. आत डोकावले. मग एकजात सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "कुठल्या ट्रॅव्हल्सची आहे? दिवसाचं भाडं काय?"

एका गृहस्थांनी तर ड्रायव्हरच्या हातात आपलं कार्ड दिलं, पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे म्हणून. टोपी घालायला नको होती, हे आता कळतंय. पण नुसती टोपी नव्हे. सारंगची मोठी सेडान म्हणजे भाड्याची, हे दूतने आधीच लोकांच्या डोक्यात पक्कं करून ठेवलंय. आपलीच एक गाडी दुसरीच्या पायात पाय घालते.

नरसिंगरावांना सांगितलं, तर पोट धरून हसले. "लोकांना वर लावलेलं चिन्ह लागतं हो विश्राम, आतलं कोण बघतं," म्हणाले आणि गुलमोहराखालच्या गाडीकडे चालू लागले. मालकाला धंद्यातलं बारीक कळतं, हे मानलं पाहिजे.

२८ ऑगस्ट, बुधवार

गिऱ्हाईक आलं! अगदी पायांनी चालत आलं.

शेषगिरीराव मंडी मोहल्ल्यातले जुने अगरबत्तीवाले. घराणं मूळचं आपल्याकडचं, पण कित्येक पिढ्या इथे गेलेल्या. सोबत पत्नी तुंगाबाई, गुडघ्यांनी अधू, हातात काठी. दारातच म्हणाले, "एनरी विश्रामराव? नाव ऐकलं तुमचं. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण आमची मराठी तुम्हास समजेल की नाही, गोत्तिल्ला."

मी म्हटलं, समजेल की. एनरी म्हणजे काय हो आणि गोत्तिल्ला म्हणजे ठाऊक नाही, एवढं कन्नड मलाही येतं.

त्यांची अडचण अगदी सरळ होती. मुलगा साकेत बंगळूरला असतो, त्याची उंच जर्मन गाडी आहे. "त्यात चढायचं म्हणजे हिला बेट्टदपुरचा डोंगर चढल्यासारखं," ते म्हणाले. "आमची जुनी सारंग आहे, ती सुरेख, पण पाय लांब होत नाही."

तुंगाबाईंनी काठी माझ्याकडे दिली, अधिराजच्या मागच्या दारात पाठ करून उभ्या राहिल्या आणि खुर्चीत बसावं तशा अलगद बसल्या. पाय आत घेतले. चपला काढल्या. पाय पसरले. मग डोळे मिटून म्हणाल्या, "स्वल्प असंच बसू दे मला."

आम्ही दोघे पुरुष बाहेर उभे राहून ती बाई बसलेली बघत होतो. मला फार बरं वाटलं. एवढ्या दिवसांत या गाडीत पहिल्यांदाच कुणीतरी बसलं, बाकीच्यांनी नुसती बघितली होती.

१ सप्टेंबर, रविवार

दोघांना अधिराजमधून टी. नरसीपूरला, नद्यांच्या संगमावर नेऊन आणलं. चालवत मीच होतो, टोपीशिवाय. गावाबाहेरच्या गतिरोधकांवर गाडीचं पोट दोनदा घासलं, तेव्हा 'आई गं' मीच म्हणालो. लोक उंच गाड्या का घेतात, त्याचं एक कारण हेही आहे, लिहून ठेवतो. पण तुंगाबाईंना पत्ताही नव्हता. जाताना त्या झोपल्या, त्या संगमावरच जाग्या झाल्या.

त्या पाण्यापाशी बसल्या असताना शेषगिरीरावांनी मला एक गोष्ट सांगितली. ती जशीच्या तशी लिहितो, कारण एवढे दिवस मी जे शोधत होतो ते त्यांना केव्हाचं ठाऊक होतं.

"आमची साधी अगरबत्ती घरोघरी रोज देवापुढे लागते. मी एकदा उंची काढली. खरं चंदन, खरा मोगरा. त्याच नावाने बाजारात घातली. एक माणूस घेईना! का हो, म्हणून विचारलं. 'वास फार चांगला आहे, पण सणास दुसरं काही पाहिजे, हे तर आमचं रोजचंच,' म्हणतात. मग मी काय केलं? काळी डबी केली, सोनेरी अक्षरं, वेगळंच नाव. आतली बत्ती तीच. सगळी गेली."

"म्हणजे लोक डबी घेतात," मी म्हटलं.

"हौदु, होय. मी डबी विकणारा माणूस, म्हणून मी स्वतः डबीचे पैसे देत नाही. वासाचे देतो, अष्टे, एवढंच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खरं सांगा, तुम्ही स्वतः घेतली असती ही?"

"परवडली असती तर डोळे मिटून," मी म्हटलं. आणि हे मी मनापासून म्हटलं.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. आज शेषगिरीरावांकडे प्रसादाला बोलावणं होतं. साकेत आणि त्याची बायको सुप्रीता आले आहेत. साकेत भांडखोर असेल असं मला वाटलं होतं, पण मुलगा गोड आहे. त्याच्याशी बोलणं मला आवडलं, जरी तो माझ्या पोटावर पाय देत होता.

त्याचं म्हणणं असं: सारंगने गाडी चांगलीच केली असेल, पण तीन-चार वर्षांनी विकायला काढली की घेणार कोण? ज्याला मोठी गाडी हवी तो जुनी का होईना, जर्मन घेईल. ज्याला सारंग हवी तो नवी मैना घेईल. "मधल्या गाडीला मधला माणूस लागतो आणि तसा माणूस नसतो," म्हणाला. मग तो बापाकडे वळला. "अप्पा, हॉटेलच्या दारात हिला मागे लावतात. माझी पुढे लावतात. मी बघितलंय."

शेषगिरीराव लाडू फोडत शांतपणे म्हणाले, "मागे लावू देत. तुझ्या आईस दारापाशी उतरवूनच लावतील की." सुप्रीताला हसू आवरेना. मग मला म्हणाले, "विश्रामराव सांगतात ना चांगली, मग पुरे. पितृपक्ष होऊ दे. आयुधपूजेस आमच्या गाड्यांच्या रांगेत उभी करू, चाकांखाली लिंबं ठेवू, झाली आमची."

ही इथली रीत. आयुधपूजेला जो तो आपापल्या गाडीची पूजा करतो, चारही चाकांखाली लिंबं ठेवतो आणि त्यांच्यावरून गाडी पुढे घेतो. दुसऱ्याच्या गाडीखाली कुणी लिंबू ठेवत नाही. म्हणजे सौदा झालाच की!

घरी येताना ताराला म्हटलं, कलबुर्गीला आता फक्त नकाशात बघायचं.

१५ सप्टेंबर, रविवार

आज स्पृहाला बघायला मंडळी आली. खरं तर तिचं आणि जयचं आधीच ठरलंय, आता फक्त वडीलधाऱ्यांनी 'बघायचं' होतं. जयचे आईवडील, पोतदारकाका आणि काकू, पुण्याहून बंगळूर आणि तिथून सकाळच्या रेल्वेने आले.

पहिली भेट म्हणजे पहिली भेट. मी काल नरसिंगरावांकडे शब्द टाकला आणि भल्या माणसाने आपल्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. सकाळी ती काळी जर्मन गाडी दारात उभी राहिली, तेव्हा शेजारची माणसं बाल्कनीत आली. तारा म्हणाली, "अधिराज का नाही आणलीस?" म्हटलं, अगं ती शोरूमची गाडी, घरच्या कामाला नेणं बरं दिसत नाही. "लग्नाला दिली होतीस ती," ती म्हणाली. बायकांची स्मरणशक्ती! पुन्हा म्हटलं, स्पृहाच्या आयुष्याचा प्रश्न आहे, पाहुण्यांना काय वाटेल याचा विचार नको करायला? त्यावर ती पोहे भिजवायला गेली.

स्टेशनवर शेषगिरीराव आणि तुंगाबाई भेटले. त्यांची बहीण त्याच रेल्वेने आली होती. मी काकांची बॅग डिकीत ठेवत होतो, तेव्हा ते गाडीपाशी येऊन थांबले, पाहुण्यांना नमस्कार केला, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी गडबडीत होतो, "फोन करतो," म्हणालो. चांगला माणूस.

काका पुढे बसले. काकू मागे, पर्स मांडीवर घेऊन, अगदी ताठ. सीटला पाठ टेकली नाही. दबल्या असाव्यात. काकांनी विचारलं, "गाडी तुमची?" मला खरं सांगावं लागलं, मालकांची म्हणून. "मग तुम्ही कुठली गाडी विकता?" सारंग, म्हटलं. तर काका एकदम खुलले. "अहो, आमच्याकडे मैनाच आहे! इतकी वर्षं झाली, कधी रस्त्यात उभी राहिली नाही." पुढे घर येईपर्यंत मैनेचंच कौतुक. मी उगाच दडपणात होतो.

स्पृहा त्यांना आवडली. साखरपुडा दसऱ्याला, इथेच. गाडीचाही थोडा हातभार लागलाच असणार.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पितृपक्ष. कोणी नवं काही घेत नाही हे ठीक, पण शेषगिरीराव फोनही उचलत नाहीत. एकदा उचलला आणि "बघू या हं" म्हणून ठेवला. त्यांचा आवाज मऊ होता. मला तो डॉ. वेदवतींच्या हसण्यासारखा वाटला.

मी काय चुकलो? साकेतने पुन्हा कान भरले असतील. की गाडीचं पोट घासलं, ते लक्षात राहिलं असेल? आज शोरूममध्ये सगळ्यांना विचारत बसलो. एकाने रंग म्हटलं, दुसऱ्याने ग्रह म्हटलं. उत्तराच्या शोधात निघालो होतो, आता प्रश्नच वाढलेत.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल घट बसले. आज न राहवून मंडी मोहल्ल्यात गेलो. शेषगिरीराव दुकानातच होते. कॉफी मागवली, बसायला खुर्ची दिली. मी विचारलं, "साकेतने नको म्हटलं का?"

"साकेत काही बोलला नाही. तो बोलला असता तर मी घेतली असती," म्हणाले आणि हसले. मग हसू गेलं. "विश्रामराव, त्या दिवशी तुम्ही स्टेशनास आलात. घरचे पाहुणे. बहिणीचं लग्न जमायचं होतं, हौदा?"

हो, म्हटलं.

"मोठा दिवस. मोठ्या दिवसास माणूस आपल्याकडचं सगळ्यात चांगलं काढतो. तुमच्या हाताखाली अधिराज उभी होती. तुम्ही दुसऱ्याची गाडी मागून आणलीत." आवाज चढला नव्हता, अगदी समजावल्यासारखं बोलत होते. "मी तुम्हास वासाची गोष्ट सांगितली. आणि तुम्हीच काळी डबी घेऊन स्टेशनास आलात."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. शोरूमची गाडी, घरचं काम, ते सगळं. पण ते ताराला सांगतानाच फोल वाटलं होतं, आता तर उच्चारवेना.

"मला राग नाही. मला जर्मनही बेड, नकोच. पण विकणारा आपल्या पाहुण्यास ज्या गाडीत बसवत नाही, तीत मी माझ्या बायकोस कसं बसवू, तुम्हीच सांगा?"

कॉफी पिऊन निघालो. स्कूटर सुरू करायचीही शुद्ध नव्हती, तशीच ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली. एवढे दिवस डॉक्टरीणबाई, साकेत, लग्नातले लोक, सगळ्यांच्या मनात शिरून बघत होतो, ते का नाही बसत म्हणून. मीच बसलो नव्हतो. फार लाज वाटली.

ताराला सगळं सांगितलं. 'मी म्हटलं होतं ना,' असं म्हणायचा तिचा हक्क होता. ती म्हणाली नाही. "कलबुर्गीला थंडीत चादर लागते का रे?" एवढंच विचारलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज आयुधपूजा. शोरूमची पूजा सकाळी लवकर उरकली. नेहमीप्रमाणे नरसिंगरावांची गाडी रांगेत पहिली, मग अधिराज, मग बाकीच्या. पहिलं कुंकू कुणाला लागतं, ते मी आज पहिल्यांदा बघितलं. दरवर्षी तसंच लागत होतं.

पोतदार मंडळी उद्याच्या साखरपुड्यासाठी आज येणार होती. नरसिंगराव स्वतःहून म्हणाले, "किल्ली हवी का?" मी म्हटलं, नको साहेब, अधिराज नेतो. त्यांनी खांदे उडवले. ती काही आता विकली जाणार नव्हती, सोमवारी बंगळूरला परत. जायच्या आधी एक दिवस तरी तिला घरच्यासारखं वागवावं, एवढंच माझ्या मनात होतं.

काकू मागे बसल्या. दोन मिनिटं ताठ. मग हळूच चपला काढल्या. स्टेशनच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी सीटवर चक्क मांडी घातली आणि पिशवीतून चिवडा काढला. काका मागे वळून बघत म्हणाले, "अगं, लोकांची गाडी आहे!"

"लोकांची नाही काका, आमची आहे. सारंगची," मी म्हटलं.

"सारंगची?" काकांनी सगळीकडे हात फिरवला, खिडकीचं बटण दाबून बघितलं. "अरे वा, हे तर आमच्या मैनेतलंच! कितीला पडते?" मी आकडा सांगितला. काकांचा हात बटणावरून उचलला गेला. "एवढ्यात तर जर्मन आली असती की हो!"

मैनेचा एवढा भक्त, पण त्याच्याही तोंडून हेच निघालं. मला आता राग येईना, हसूच आलं. "आली असती," मी म्हटलं. "पण काकू मागच्या वेळी जर्मनमध्येच बसल्या होत्या. मांडी घातली होती का?"

"छे गं बाई," काकू चिवडा खात म्हणाल्या. "त्या गाडीत मला खोकायचीसुद्धा भीती वाटत होती."

राजवाड्याकडचे रस्ते दसऱ्यासाठी बंद होते, म्हणून सिद्धार्थ लेआउटला आमच्या घरी यायला मंडी मोहल्ल्यावरून वळसा घ्यावा लागला. शेषगिरीरावांचं दुकान टाळायचं होतं, पण रस्ता एकच. त्यांच्या दारात रांग लागली होती: मालाचे टेम्पो, स्कूटर, जुनी सारंग, सगळ्यांना झेंडूच्या माळा, कोहळा फोडायची तयारी. रस्ता अडला होता, मी थांबलो. शेषगिरीरावांनी गाडी ओळखली. सावकाश चालत आले आणि मागच्या काचेवर टकटक केली.

काकूंनी काच खाली घेतली. शेषगिरीरावांनी आत बघितलं. मांडी. चिवडा. पायाखाली काढून ठेवलेल्या चपला.

"हे कोण?" त्यांनी मला विचारलं.

"आमचे पाहुणे. स्पृहाचे सासू-सासरे. उद्या साखरपुडा आहे."

तुंगाबाई दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "चपला काढून बसल्यात बघा. मी बी तशीच बसले होते."

शेषगिरीराव वळले, पूजेच्या ताटापाशी गेले. मला वाटलं संपलं, रस्ता मोकळा व्हायची वाट बघत मी पुढे तोंड करून बसलो. तेवढ्यात ते गाडीपुढे वाकलेले दिसले. मग डाव्या बाजूला. मग मागे. वय झालेला माणूस, प्रत्येक वेळी गुडघ्यावर हात ठेवून उठत होता. काका म्हणाले, "काय करतायत हो ते?" मी ब्रेक घट्ट दाबून धरला.

सरळ उभे राहून त्यांनी गाडीच्या कपाळावर कुंकू लावलं. "उद्या सकाळी कागद तयार ठेवा," म्हणाले. "आता चालवा. नीट, सरळ."

मी गाडी पुढे घेतली. काच उघडीच होती, म्हणून लिंबं फुटल्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

विजयादशमी. सकाळी शेषगिरीरावांनी सह्या केल्या. हार, घंटा, टाळ्या काही नको म्हणाले. तुंगाबाईंनी काठी पुढे टाकली आणि मागे बसून चपला काढल्या. संध्याकाळी साखरपुडा झाला. स्पृहा सुंदर दिसत होती. तारा माझ्याशी साखरेच्या पुड्यावरून भांडली. खूप छान वाटलं.

नरसिंगरावांनी तर शोरूममध्ये सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. मुख्यालयाचा फोनही आला, पुढच्या महिन्यात दुसरी अधिराज पाठवतायत. मी सहज म्हटलं, "साहेब, ती तुम्हीच का नाही घेत?"

ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. माझ्या पाठीवर थाप मारली, "फार विनोदी आहात विश्राम तुम्ही," म्हणाले आणि गुलमोहराखाली लावलेल्या आपल्या गाडीत बसून घरी गेले.